फूटवॉलमधला पांढरा गोळा

माझ्या धंद्यात सगळ्यात जास्त खोटं कुठे बोललं जात असेल, तर ते स्वयंपाकघराच्या मोरीशी. मी प्लंबर. पालघर-बोईसर पट्ट्यात लोकांच्या तुंबलेल्या लाइनी मोकळ्या करण्यात माझा उभा जन्म गेला. दार उघडणारं माणूस कोणीही असो, पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आम्ही मोरीत काहीच टाकत नाही हो." मी मान डोलावतो, बाहेर जाऊन चेंबरचं झाकण उचलतो, आणि आत पांढरा, चिवट थर बसलेला असतो. हे कोणाचं म्हणून विचारलं की उत्तरही ठरलेलं असतं. वरच्या मजल्यावरच्यांचं.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं, धंद्यातले मजेशीर अनुभव लिहा, दिवाळीत लोकांना हसायला आवडतं. बायको म्हणाली, "तुम्ही मजेशीर लिहायला बसाल आणि भांडून उठाल." तिचंच खरं होणार अशी लक्षणं आहेत.

आधी तो पांढरा थर काय असतो ते सांगतो, कारण शिकल्यासवरल्या घरांतही हे माहीत नसतं. तेल गरम असतं तोवर पाण्यासारखं वाहतं. खरकट्या कढईत उकळतं पाणी ओतलं की तेल निमूट मोरीत जातं आणि कढई लख्ख होते. घरातली बाई खूश. पण ते तेल पुढे पाइपात निवतं. निवलं की थिजतं. त्यात साबण मिसळतो, भाताची शितं अडकतात, चहाची पूड बसते, आणि आठवड्या-महिन्याने त्याचा असा दगड होतो की लाइन मोकळी करायची माझी लोखंडी स्प्रिंग त्यावर आपटून परत येते. पाइपात अडकलं तर नशीब म्हणायचं, कारण तुम्ही मला बोलावता आणि मी ते काढून घेतो. नाही अडकलं तर ते गटारात, गटारातून ओहोळात आणि ओहोळातून खाडीत जातं. तिथे त्याला काढायला कोणी जात नाही. पाण्यावर त्याचा तवंग बसतो, खालच्या माशांना वारा मिळत नाही, आणि सकाळी खाडीतले बोयटं मासे तोंडं वर काढून तडफडताना दिसतात.

यावर उपाय काय, तर आधी पुसायचं आणि मग धुवायचं. रद्दी कागदाने कढई पुसा, कागद सुक्या कचऱ्यात टाका. उरलेलं जळकं तेल बाटलीत भरा आणि परवानावाल्या माणसाला द्या, त्याचं डिझेल करतात. परवाना मात्र विचारा, नाहीतर तेच तेल गाडीवरच्या भज्यांत बसून तुमच्याच पोटात परत येतं. मोठं स्वयंपाकघर असेल तर मोरीच्या बाहेर चरबीची टाकी बांधायची. टाकीत मधे आडव्या भिंती असतात. पाणी तिथे थांबतं, थंड होतं, तेल वर तरंगतं आणि खालून निवळ पाणी पुढे जातं. वरची साय झाऱ्याने काढून डब्यात भरायची. एवढंच. यात विज्ञान म्हणावं असं काही नाही. दूध तापवून साय काढणारं कोणीही हे काम करू शकतं.

पण करायचं कोणी?

बोईसरला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये मी अशी टाकी बांधली होती. काम झाल्यावर काही महिन्यांनी गेलो तर टाकी आरशासारखी स्वच्छ. मला भरून आलं. इतकी जपलेली टाकी मी पहिल्यांदाच बघत होतो. तिथल्या आचाऱ्याला, महाराजाला, म्हटलं, "वा, रोज साय काढता वाटतं." तो अभिमानाने म्हणाला, "नहीं भैया, निकालने का झंझट ही नहीं. रोज दो बालटी खौलता पानी और सोडा मारते हैं, सब आगे निकल जाता है. एकदम चकाचक." म्हणजे अडवण्यासाठी बांधलेल्या टाकीतून त्याने चरबी वितळवून पद्धतशीर पुढे हाकलली होती. मी डोक्याला हात लावला. त्याच्या साहेबांना सांगायला गेलो, तर साहेबांनी मला टाकीच्या स्वच्छतेबद्दल मिळालेलं प्रशस्तिपत्र दाखवलं. ते भिंतीवर टांगलेलं होतं.

आणि दुसरी गोष्ट एका सोसायटीची. गणपतीत त्यांनी विसर्जनासाठी प्लॅस्टिकचा तलाव केला. फार चांगली गोष्ट केली. पोरांनी 'आपली नदी, आपली आई' असे फलक रंगवले. त्याच दिवशी भंडारा होता, आणि पुऱ्या तळून झाल्यावर आचाऱ्याने भलीमोठी कढई मंडपामागच्या पावसाळी गटारात उपडी केली. ते गटार थेट नदीला मिळतं. मी तिथे नळाचं काम करत होतो. सेक्रेटरींना हाताला धरून नेलं, दाखवलं. म्हटलं, बाप्पासाठी तुम्ही खोटा तलाव केलात आणि तेलासाठी खरी नदी वापरलीत. ते हसले. म्हणाले, "काका, वर्षातून एकदाच तर असतं. आणि एवढ्या कंपन्या आहेत बाजूला, त्यांचं बघा ना आधी."

कंपन्यांचं बघा आधी. हे वाक्य आमच्या भागात इतकं चालतं की पोरांना बाराखडीच्या आधी येत असावं. मी काही कंपन्यांचा वकील नाही. ओहोळाचं पाणी रंग बदलताना मी पाहिलंय, वासाने डोळ्यांतून पाणी आलंय, मोर्च्यांत घसा बसेपर्यंत ओरडलोय. त्यांचा गुन्हा मोठा आहे आणि त्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण शेजाऱ्याने खून केला म्हणून आपल्याला चोरी माफ होते, हा कायदा कुठला? सूर्या नदीचं गोड पाणी नळाने प्यायचं आणि तिला, तिच्या बहिणींना परत काय द्यायचं, तर खरकटं तेल. माझा संताप होतो तो इथे.

या वाक्यावर माझा खरा राग बसला तो मात्र पार्वतीमावशीच्या वाडीत. गावाचं नाव लिहीत नाही, तिथे माझी भावकी आहे आणि मला लग्नकार्याला जावं लागतं. केळव्यात शनिवारी खोल्या मिळाल्या नाहीत की मुंबईचे पाहुणे या गावाकडे वळतात, एवढी खूण पुरे. गावामागून एक ओहोळ येतो. तो वर कारखान्यांच्या बाजूने येतो आणि खाली खाडीला मिळतो. मावशी माझ्या आईची बालमैत्रीण. तिची वाडी ओहोळाला लागून, माड-पोफळी आणि त्यांच्या सावलीत पानवेल. खाऊच्या पानाची वेल म्हणजे फार नाजूक प्रकरण. ऊन सोसत नाही, साचलेलं पाणी सोसत नाही. तिला बी नसतं, जुन्या वेलीचा तुकडा लावूनच नवी वेल होते. मावशीची वेल तिच्या सासूने माहेराहून आणलेली होती, आणि तिथली वाडी कधीच संपली होती. म्हणजे वाडीतली वेल मेली की ते पान या जगातून गेलं. मावशीला दागिन्यांची हौस नव्हती, पण वेलीबद्दल कोणी वावगं बोललं तर ती त्या घरचं पाणी पीत नसे.

थंडीचे दिवस होते. मावशीचा निरोप आला की पंप पाणी ओढत नाही. गेलो. बघतो तर वेलीची पानं पिवळी पडून गळत होती. खालच्या ओळी तर बुंध्याशी काळ्या पडल्या होत्या. मावशी माडाला टेकून बसली होती.

"कंपनीनं मारली रं माजी वेल," ती म्हणाली. "पान्यावर पांडरं येतंय. केमिकल हाय ते. मोर्च्यात जाऊन जाऊन पाय गेले माजे, पन कोन ऐकतंय?"

ओहोळात खणलेल्या खड्ड्यातून तिचा पंप पाणी घ्यायचा. नळीच्या तळाला जाळी असलेली पितळेची झडप असते, तिला आम्ही फूटवॉल म्हणतो. मी नळी वर ओढली. फूटवॉलची जाळी पांढऱ्या गोळ्याने गच्च भरलेली होती. मी बोटाने थोडा काढला आणि चोळला. हा गोळा मी जन्मभर ओळखतो. आंधळा झालो तरी ओळखेन. चेंबर उघडल्यावर आत असतो तोच.

मान वर केली तर ओहोळाच्या वरच्या अंगाला मावशीच्याच मुलाचं, नितेशचं, पाहुण्यांसाठीचं घर. माडांखाली टेबलं मांडलेली, 'आईच्या हातचं जेवण' असा रंगीत फलक, आणि फाटकावर कापडी बॅनर, 'केमिकल हटवा, खाडी वाचवा'. गावच्या मोर्च्यात घोषणा द्यायला सगळ्यांत पुढे नितेशच असायचा.

आता सांगायचं कसं? मी म्हटलं, "मावशी, हे केमिकल वाटत नाही मला."

"तू काय मोटा डाक्टर हायस?"

"चूल पेटलीय ना? पळी आण."

तिने लोखंडी पळी आणली. मी गोळा पळीत ठेवून निखाऱ्यावर धरला. तो वितळला, पिवळा झाला, तडतडला आणि मग वास सुटला. मावशी पुढे झाली. तिने एकदा वास घेतला. परत घेतला. तिच्या तोंडाकडे बघवेना.

"ह्यो तर माजा मसाला," ती म्हणाली.

नितेशच्या पाहुण्यांना सुरमई तळायला जो मसाला लागायचा, तो ती स्वतः भाजून कुटायची. त्या मसाल्यासाठी लोक गाड्या काढून यायचे. तिने पळीतलं तेल चुलीत ओतलं, हाताला लागलं होतं ते साबणाने धुतलं, ते निघेना. मग चुलीतली राख घेतली आणि नारळाच्या सोडणाने हात घासत बराच वेळ बसून राहिली.  

नितेशला विचारलं तर तो खोटं बोलला नाही, हे कबूल करतो. आमच्याकडे जुनी रीत आहे, मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात सोडायचं. भांडी राखेने घासत होते तेव्हा ही रीत शहाण्यासारखी होती. राखेने तेल शोषलं जायचं आणि माडाला खत मिळायचं. नितेशनेही बापजाद्यांची रीत पाळली. फरक इतकाच की घरच्या चार ताटांऐवजी आता शनिवार-रविवारी पंगती उठत होत्या, आणि राखेऐवजी पामतेल आणि साबण होता. आळी बुजली. माती पाणी पिईना. मग त्याने फावड्याने आळ्याचा बांध फोडला आणि ओहोळापर्यंत चर काढला. पाणी साचेना म्हणून तो खूश होता.

"चर कुठे जातो ते बघितलंस?" मी विचारलं.

"ओहोळात. पन वरून कंपन्या टँकरच्या टँकर सोडतात, त्यांना कोन विचारत नाय. नि तू माज्या बश्या मोजतोस?"

माझं डोकं फिरलं. मी त्याला म्हटलं, तुझ्या आजीची वेल कंपनीने मारली असती तर तू रस्ता अडवला असतास. तू मारलीस तर काय, पेढे वाटायचे? तरी तो टाकी बांधायला तयार झाला नाही. सीझन आहे, खोदकाम नको, पाहुण्यांना वास येईल, उन्हाळ्यानंतर बघू. मी हजार घरांत ऐकलेली उत्तरं होती ती. मी रागाने हत्यारं उचलली आणि निघालो.

काम केलं ते मावशीने. पुढच्या शुक्रवारी नितेश मसाला न्यायला आला तेव्हा ती म्हणाली, "मसाला संपला."

"मंग कुट ना. उद्या गाडी भरून पावने येतात."

"टाकी झाल्याबिगर माजं मुसळ हलायचं नाय."

त्याने बायकोला मध्ये घातलं, थोरल्या काकांना आणलं. मावशीने सगळ्यांना चहा पाजला आणि एकच उत्तर दिलं. बाजारच्या मसाल्यावर तळलेली सुरमई पाहुण्यांनी ताटात टाकली. 'आईच्या हातचं' म्हणून आलेले लोक आईला विचारू लागले, आणि आई अंगणात बसून त्यांना खरं ते सांगू लागली. पुढचा शनिवार उजाडायच्या आत नितेशचा मला फोन आला, "दादा, टाकी कवा बांदतोस?"

मी बांधली. चर बुजवला. मावशीने कँटीनच्या महाराजासारखं चकाचक काम केलं नाही. सोमवारी पाहुणे गेले की ती स्वतः झाकण उचलायची, पुऱ्या काढायच्या जुन्या झाऱ्याने साय काढायची आणि तेलाच्या पत्र्याच्या डब्यात भरायची. वेल मात्र बरीचशी गेली. मागच्या पडवीजवळ एका कोपऱ्यात, जिथे ओहोळाचं पाणी पोचत नव्हतं, तिथे काही वेली तगल्या होत्या. त्यांचे तुकडे काढून ती विहिरीच्या पाण्यावर नव्याने लावत होती. जगतील की नाही हे तिलाही माहीत नव्हतं.

इथे गोष्ट संपली असती तर मीही हसतमुखाने दिवाळीच्या शुभेच्छा देऊन रजा घेतली असती. पण गावात बातमी पसरली. गावातून वर पसरली. ज्या कंपनीविरुद्ध गावाची तक्रार होती, तिच्या कानावर गेली की ओहोळातलं पांढरं म्हणजे स्वयंपाकघराचं तेल आहे, प्लंबरनेच सांगितलंय. त्यांना आयतं कोलीत मिळालं. पाणी लाल येतं, त्याच्यावर एक शब्द नाही. उग्र वास येतो, त्याच्यावर नाही. फक्त माझा पांढरा गोळा घेऊन ते सगळीकडे नाचू लागले. आणि गाव माझ्यावर उलटलं. घरभेद्या म्हणाले. माझ्या चुलतभावाने मला रस्त्यात गाठून विचारलं, "तुला गप बसाया काय झालं होतं? लडाई चालू हाय नि तू आपल्याच घराचं भोक दाखवलंस."

खरं सांगतो, त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. मी चूक बोललो नव्हतो. पण माझं खरं बोलणं चोराच्या हातात काठी म्हणून गेलं होतं, आणि त्याचा राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं. कंपनीवर काढला, नितेशवर काढला, बायकोवरही काढला. ती म्हणाली, "मग काय, वेल मेली तरी केमिकल केमिकल करत बसायला हवं होतं?"

पंचायतीच्या हॉलमध्ये बैठक लागली. कंपनीचे साहेब आले, सरकारी अधिकारी आले, गाव झाडून आलं. मी मागे भिंतीला टेकून उभा होतो. साहेब गोड बोलणारा माणूस होता. त्याने फोटो दाखवले. म्हणाला, "हे पाहा, हे खाद्यतेल आहे. तुमच्याच हॉटेलांचं, तुमच्याच घरांचं. आम्हाला दोष देण्याआधी गावाने स्वतःचं बघावं, एवढीच नम्र विनंती."  सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. नितेश पहिल्या रांगेत खाली बघत बसला होता. मला वाटलं, आता जमिनीने पोटात घ्यावं.

तेवढ्यात बायकांमधून पार्वतीमावशी उठली. तिच्या हातात तेलाचा तो पत्र्याचा डबा होता. गुडघे धरत, लोकांना बाजूला सारत ती पुढे गेली आणि तिने डबा साहेबांच्या टेबलावर, फोटोंच्या वरच ठेवला. झाकण काढलं. वास असा सुटला की साहेबांनी खुर्ची मागे घेतली.

"तुमी बरोबर बोलता," मावशी म्हणाली. "ह्ये आमचंच हाय. माज्या पोराच्या मोरीचं. माजी वेल त्यानंच मारली. आता आमी टाकी बांदली, नि दर सोमवारी मी माज्या हातानं ह्ये काडते. आमचं आमी काडलं." मग तिने पदराने हात पुसले आणि शांतपणे विचारलं, "तुमचा डबा कुटं हाय?"

साहेब अधिकाऱ्यांकडे बघू लागले. अधिकारी कागदांकडे बघू लागले. मावशी उभीच राहिली. तिला कोणीतरी खुर्ची दिली, ती तिने घेतली नाही.

तेव्हापासून गावातल्या पाहुण्यांच्या घरांपैकी बऱ्याच जणांनी टाक्या बांधून घेतल्या. नितेश सोमवारी आईबरोबर झारा धरतो. पडवीजवळच्या वेलीला या पावसाळ्यात पानं आली, आणि त्यांतली दोन मावशीने मला कात-चुना लावून दिली. तिचा तो डबा पंचायतीच्या टेबलाखाली अजून ठेवलेला आहे, झाकण घट्ट लावून. साहेबांनी त्यांचा अजून आणलेला नाही.